लॉची सीट आणि शिष्यवृत्ती: पावसच्या सेतूवाल्याचे चार शब्द

पावस बाजारात माझं महा ई-सेवा केंद्र आहे. लोक त्याला सेतूच म्हणतात. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पॅनकार्ड, गणपतीची रेल्वे तिकिटं आणि पावसाळाभर ॲडमिशनचे फॉर्म, असा धंदा. मी वकील नाही. पण माझी मुलगी २०१९ ला बारावी करून मुंबईला लॉला गेली, २०२४ ला पास झाली, आणि त्या पाच वर्षांत फॉर्म, दाखले आणि शिष्यवृत्त्यांनी मला जे रडवलं त्यातूनच हे शिकलो. आता गोळप, फणसोपपासून पूर्णगड, गावखडीपर्यंतची पोरं लॉचा फॉर्म म्हटला की माझ्याकडे येतात.

प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "काका, मार्क चांगले आहेत, स्कॉलरशिप मिळेल ना?" माझाही उलटा प्रश्न ठरलेला. "आजोबांचा शाळेचा दाखला आहे का घरात?"

पोरं हसतात. पण मार्कांनी सीट मिळते. पैसे मिळतात ते कागदांनी, आणि कागद एका आठवड्यात होत नाहीत. म्हणून मी सुरुवात अकरावीच्या दिवाळीपासून करायला सांगतो. पदवीनंतर तीन वर्षांच्या लॉला जाणाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपासून.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी. जातीच्या दाखल्याचे पुरावे पडताळणी समिती तपासते आणि मग ती देते. जातीचा दाखला वेगळा, व्हॅलिडिटी वेगळी, हे अजून निम्म्या पालकांना माहीत नसतं. राखीव जागेवर प्रवेश हवा तर दोन्ही लागतात. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांपर्यंत जाणं आलंच.

गावखडीच्या एका भंडारी घरातल्या मुलाचं उदाहरण सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्याच्या पणजोबांचं नाव होतं 'गणू बिन रामा', जात भंडारी. आडनावच नाही. आजोबांच्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'गणपत', आणि पुढे आडनाव. आता गणू आणि गणपत हा एकच माणूस कशावरून? मुलाची आजी केंद्रात येऊन बसली आणि म्हणाली, "अरे, सगली गणूच म्हनायची त्याना, गणपत कोन म्हनतंय!" आजीचं खरं होतं, पण समितीपुढे आजीचा शब्द चालत नाही. मग आम्ही तलाठ्याकडून जमिनीचा जुना फेरफार काढला. त्यात वारसांची नावं ओळीनं होती. तहसीलमधून गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद काढली. ती मोडी लिपीत निघाली, म्हणून मोडी वाचणारा शोधून लिप्यंतर करून घेतलं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलं. या सगळ्याला चार महिने गेले. पोरगा अकरावीत आला होता म्हणून निभावलं. बारावीच्या निकालानंतर आला असता तर खुल्या जागेसाठी झगडत बसला असता.

बाकीचे कागद तसे सोपे, पण प्रत्येकात एक खोच आहे. नॉन क्रिमिलेअर, म्हणजे घर क्रिमिलेअरमध्ये, सधन गटात, मोडत नाही याचा दाखला, ज्या वर्षी प्रवेश घेणार त्याच्या पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा लागतो. जुना दाखवला तर फॉर्म परत. उत्पन्नाचा दाखला वेगळा आणि नॉन क्रिमिलेअर वेगळं. पहिल्यात आंबा-काजूचं उत्पन्नही धरतात, दुसऱ्यात शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. डोमिसाईल मात्र एकदा काढलं की झालं. वडील मुंबईला आणि पोरगं गावाला, असली चाकरमानी घरं असतील त्यांनी पत्ता कुठला लावायचा ते आधी ठरवून घ्यावं. अर्धे कागद अंधेरीचे आणि अर्धे पावसचे असले की प्रत्येक टेबलावर खुलासे देत बसावं लागतं.

आता परीक्षा. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांसाठी राज्याच्या सीईटी सेलची एमएच-सीईटी लॉ. बारावीनंतर पाच वर्षांची वेगळी, पदवीनंतर तीन वर्षांची वेगळी. बारावीला किंवा पदवीला खुल्या वर्गाला ४५ टक्के, ओबीसीला ४२, अनुसूचित जाती-जमातीला ४० टक्के लागतात. पेपर १२० प्रश्नांचा, दोन तासांचा, कॉम्प्युटरवर, मराठी-इंग्रजी दोन्हींत. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा ठेवू नका, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, तरी एखादा शहाणा 'येत नव्हतं म्हणून सोडलं' म्हणत परत येतोच.

पाच वर्षांच्या पेपरात गणिताचे प्रश्न मूठभर, आठ. गणिताच्या भीतीनं कुणी मागे फिरू नये. खरं वजन कायद्याच्या तर्कावर आणि लॉजिकवर आहे. दोन्हींचे मिळून निम्म्याहून जास्त प्रश्न. आणि कायद्याच्या तर्कात आमची पोरं कुठे चुकतात ते बघा. मी केंद्रात असा प्रश्न घालतो: 'नियम असा की दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय शिरणं म्हणजे अतिक्रमण, मग नुकसान होवो न होवो. वादळानंतर बाळू गंमत म्हणून शेजाऱ्याचं कुंपण ओलांडून बागेत गेला, पडलेले आंबे बघितले, एकही न उचलता परत आला. बाळू जबाबदार का?' दहातली सात पोरं म्हणतात, नाही, त्यानं आंबा कुठे घेतला! एक तर म्हणाला, "काका, पडलेला आंबा सगळ्यांचा." गावाचा रिवाज म्हणून ठीक आहे. पेपरात नियम काय दिलाय तेवढंच बघायचं. नियम म्हणतो नुकसान लागत नाही, बाळू शिरला, संपलं. मन, दया, रिवाज सगळं घरी ठेवून जायचं. ही सवय लागायला दोन महिने रोज पंधरा-वीस प्रश्न पुरतात, त्यासाठी पुण्याचा क्लास लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माऊस. मोबाईलवर वाऱ्यासारखी बोटं फिरवणारं पोरगं माऊस हातात आला की अडखळतं. संध्याकाळी सातनंतर केंद्रात गिऱ्हाईक नसतं. तेव्हा मी पोरांना सराव परीक्षा लावून बसवतो. तुमच्या गावात असा कुणी सेतूवाला असेल तर त्याला विचारा, नाही म्हणणार नाही.

राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर क्लॅट, ही वेगळी देशपातळीवरची परीक्षा. ती डिसेंबरात होते, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या आधीच. तिथेही १२० प्रश्न, पण चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो, आणि प्रश्न लांबलचक इंग्रजी उताऱ्यांवर असतात. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विद्यापीठं आहेत. नाव मोठं आणि शिक्षण चांगलं, पण खर्च वर्षाला लाखांत. गरिबाघरचं हुशार पोर असेल तर 'इडिया' नावाच्या संस्थेचा पत्ता काढा. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ती सुरू केली, अशाच मुलांना क्लॅटची तयारी करून द्यायला आणि पुढे शिकायला मदत करायला. फीच्या आकड्याला घाबरून फॉर्मच न भरणं हा मात्र मूर्खपणा आहे. माझ्या मुलीच्या वेळी तो मी केला. क्लॅटची फी चार हजार बघून मी म्हटलं, राहू दे. ती अजून टोमणे मारते.

सीईटीचा निकाल लागला की कॅप, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या. इथे खरी शिस्त लागते. कागद अपलोड करायचे, तपासणी होते, त्रुटी निघाली तर मुदतीत दुरुस्त करायची, मग ऑप्शन फॉर्म. कॉलेजांची यादी आपल्या मनातल्या क्रमानं भरा. कुठे मिळेल त्या क्रमानं नको. वर मोठं नाव टाकल्यानं खालचं हातचं जात नाही. मुलीनं पहिलं नाव टाकलं होतं मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचं. १८५५ सालचं कॉलेज, डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य होते. ते हुकलं, आणि एका मार्कानं वगैरे नाही, चांगल्या ढीगभर मार्कांनी हुकलं. दुसऱ्या फेरीत चौथ्या नंबरचं अनुदानित कॉलेज मिळालं. जिथे मिळालं तरी जाणार नाही असं कॉलेज मात्र यादीत टाकूच नका.

मुंबई-पुण्याचा हट्ट नसेल तर आपल्याकडेही कॉलेजं आहेत. रत्नागिरीचं भागोजीशेठ कीरांच्या नावाचं विधी महाविद्यालय पावसहून एसटीनं पाऊण तासावर. कुडाळला आहे, अलिबागला आहे. मी पालकांना कागदावर दोन रकाने काढायला लावतो, एकात फी आणि दुसऱ्यात राहणं-खाणं. लॉमध्ये बहुतेक वेळा दुसरा रकाना पहिल्याच्या कितीतरी पट निघतो. घरून डबा घेऊन भाट्याच्या पुलावरून जाणाऱ्या पोराला दरमहा जी शिष्यवृत्ती मिळते ती कुठल्याच पोर्टलवर दिसत नाही.

कॅपच्या फेऱ्या बहुतेक वेळा ऐन पावसात नाहीतर गणपतीत येतात. शेवटच्या दिवशी लाईट जाते. हे मी अनुभवानं सांगतो, दरवर्षी जाते. मुदतीच्या दोन दिवस आधी फॉर्म 'कन्फर्म' झाला पाहिजे. नुसता 'सेव्ह' करून आरतीला गेलेले दोघे जण माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आता पैसे. आधी मुलींसाठी सगळ्यात मोठी गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (खुल्यातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. तोवर निम्मी मिळायची. पण अट एक, प्रवेश कॅपमधूनच हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला की माफी गेली. गेल्या वर्षी गोळपची एक मुलगी जूनमध्येच एका खासगी कॉलेजात कोट्यातून पैसे भरायला निघाली होती, 'सीट जाईल' या भीतीनं. मी बापाला चहा पाजून थांबवलं. ऑगस्टमध्ये कॅपमधून तिला तशाच कॉलेजात जागा मिळाली, शिक्षण फी शून्य. होस्टेल आणि इतर शुल्कं भरावी लागली, ती या माफीत येत नाहीत.

खुल्या वर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून निम्मी शिक्षण फी, उत्पन्नाची मर्यादा तीच आठ लाख. ओबीसी मुलांनाही निम्मी. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांच्या आत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर, त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी माफी. हे सगळं महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर. राहण्यासाठी आधी समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज करा. तिथे जागा नाही मिळाली तर अनुसूचित जातीला स्वाधार आणि ओबीसीला सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहाचा अर्ज केलाच नाही तर पुढचं दार आपोआप बंद होतं, म्हणून मिळणार नाही हे माहीत असलं तरी अर्ज करा.

आणि मुख्यतः मार्कांवर मिळणारी एक, जी आमच्याकडे कुणी भरतच नाही: केंद्र सरकारची, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची. बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाईलच्या वर, म्हणजे वरच्या वीस टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पहिली तीन वर्षं वर्षाला १२ हजार आणि पाच वर्षांच्या कोर्सला पुढची दोन वर्षं २० हजार. बारावी झाली त्याच वर्षी भरायची, नंतर दार बंद. गोम अशी की दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेत असाल तर ही मिळत नाही. इथे लोक डोळे मिटून महाडीबीटी निवडतात. मुलीच्या वेळी मी हिशोब मांडला. अनुदानित कॉलेज, फी मुळातच थोडी, तिच्यातली निम्मी परत मिळून हातात दोन-अडीच हजार. केंद्राची तेव्हा १० हजार होती. आम्ही केंद्राची घेतली. हेच खासगी कॉलेज असतं तर उलटं केलं असतं.

केंद्राची ही शिष्यवृत्ती दरवर्षी टिकवावी लागते, ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी. बार कौन्सिलचा नियम ७० टक्के हजेरीचा आहे, म्हणून कॉलेजात सगळी पोरं सत्तरच्या हिशोबानं दांड्या मारतात. मधल्या पाच टक्क्यांत शिष्यवृत्ती जाते.

एवढं करून पहिल्या वर्षी मुलीचे पैसे आलेच नाहीत. पोर्टलवर 'पेमेंट सक्सेस', खात्यात शून्य. मी स्वतः दिवसभर लोकांची आधार लिंक करून देणारा माणूस, आणि माझ्याच घरी हे! झालं असं की दहावीत असताना तिचं एका बँकेत झीरो बॅलन्स खातं काढलं होतं, आणि थेट पैसे जमा होण्यासाठी आधार त्या खात्याला जोडलेलं राहिलं होतं. खातं आधारशी 'लिंक' असणं आणि सरकारी पैशांसाठी त्याच खात्याचं 'सीडिंग' असणं यात फरक आहे. लिंक चार खात्यांना असेल, सीडिंग एकालाच असतं, आणि पैसे तिथेच जातात. आमचं ते खातं वापरात नसल्यानं बंद पडलेलं. ते चालू करायला मुंबईहून मुलीला रजा काढून यावं लागलं, आणि शाखेत तिला तीनदा परत पाठवलं. पैसे मार्चमध्ये मिळाले. तुम्ही फॉर्म भरायच्या आधी आधारच्या वेबसाईटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

खासगी विद्यापीठांच्या 'मेरिट स्कॉलरशिप'बद्दल थोडं. गणपतीपुळ्याकडच्या एका मुलाला एका विद्यापीठाचं पत्र आलं, 'अभिनंदन, ५० टक्के शिष्यवृत्ती'. घरात पेढे वाटले. पत्र मी वाचलं. पन्नास टक्के फक्त शिक्षण फीवर, नक्की फक्त पहिल्या वर्षी, आणि पुढे ठरावीक ग्रेड राहिली तरच, एकही विषय मागे राहता कामा नये. समजा शिक्षण फी तीन लाख आणि होस्टेल-मेस दीड लाख. सवलत धरून पहिलं वर्ष तीन लाखांचं, ग्रेड हुकली तर दुसरं साडेचारचं. पाच वर्षांची बेरीज करून घ्या आणि मगच पेढे वाटा. आम्ही ईमेल केला. सीईटीचं स्कोअरकार्ड जोडलं, कॅपमध्ये मिळालेल्या कॉलेजचं पत्र जोडलं, आणि दोनच प्रश्न विचारले: सवलत पाचही वर्षं लेखी देणार का, आणि होस्टेलवर काही कमी होईल का? आठ दिवसांनी उत्तर आलं, सवलत वाढणार नाही, फी चार हप्त्यांत भरता येईल. मुलगा कॅपच्या कॉलेजात गेला. फोनवर गोड बोलणाऱ्याचा शब्द धरू नका, ईमेलवर आलेलाच धरा.

आणि लहान पैसे विसरू नका. आपल्या बहुतेक गावांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं, ज्ञातीची संस्था असते. त्यांचे गुणगौरव समारंभ असतात, शिक्षण निधी असतात. सचिवाला मार्कलिस्ट आणि एक साधं पत्र पाठवायला लाजू नका. मुलीला पहिल्या वर्षीची पुस्तकं अशीच मिळाली. कॉलेजातही देणगीदारांनी ठेवलेली बक्षिसं असतात. ऑफिसच्या फलकावर वर्षानुवर्षं तीच यादी लागलेली असते, आणि अर्ज करायला कुणी जात नाही.

शेवटी सनदेची, म्हणजे बार कौन्सिलकडे वकील म्हणून नोंदणीची फी. आधी आमच्याकडे सनद म्हटलं की पंधरा-वीस हजार बाजूला ठेवायला सांगायचे. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नोंदणीसाठी खुल्या वर्गाकडून ७५० रुपयांच्या वर आणि अनुसूचित जाती-जमातीकडून १२५ च्या वर घेता येणार नाहीत. मुलीचा निकाल नेमका त्याच सुमारास लागला. आता ती रत्नागिरीच्या कोर्टात ज्युनियर आहे. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची हायकोर्टाची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी सरांबरोबर आंबा घाट चढून जाते.

माझ्याकडे किंवा कुठल्याही सेतूत फॉर्म भरायला जाताना एक करा. कागदांच्या झेरॉक्स घ्या, फोटो घ्या, सगळं घ्या, पण आधारला जो मोबाईल नंबर आहे तो फोन सोबत हवा. पूर्णगडचा एक मुलगा सगळी फाईल घेऊन आला होता. नंबर बापाचा होता. एक ऑगस्टला मासेमारी सुरू झालेली, आणि बाप फोन घेऊन बोटीवर. ओटीपी गेला समुद्रात. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत जेटीवर बसून होतो.